निकेलचा जॉब भट्टीत घालण्याआधी

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी ओळखीचा एक मुलगा भोपाळच्या अयोध्या नगरातल्या आमच्या घरी आला. गोविंदपुऱ्यात त्याचं लहानसं मशीन शॉप आहे. सोबत कापडी पिशवीत बारा स्टड होते. टेबलावर वर्तमानपत्र पसरून त्याने ते एकेक करून मांडले आणि म्हणाला, "काका, तीनदा भट्टीत घातले, तिन्ही वेळा पाण्यात बुडवले. हे लोखंड कडक व्हायलाच तयार नाही."

मी एक स्टड उचलून खिडकीशी नेला. टोकाच्या सपाट भागावर रॉकवेलचे तीन ठसे होते आणि प्रत्येकाशेजारी मार्करने आकडा लिहिलेला होता : २१, १९, १७. म्हणजे दर खेपेला कडकपणा वाढण्याऐवजी उतरला होता. पहिल्या खेपेला त्याने ९८० अंश सेल्सिअस दिले, मग १०४०, आणि शेवटी चिडून ११००. बारचं प्रमाणपत्र त्याच्या फोनमध्ये होतं. इन्कोनेल ७१८, एएमएस ५६६२. त्या नंबराचा अर्थ असा की बार कारखान्यातूनच सोल्यूशन करून आला होता. त्याला पाण्याची गरजच नव्हती. हवे होते फक्त एजिंगचे अठरा तास.

ही चूक आळसाने झालेली नाही. मुलगा मेहनती आहे, भट्टीपाशी तीन रात्री जागला होता. त्याला नडली ती पोलादाची सवय. आपल्या भागातल्या बहुतेकांची हीच सवय आहे, म्हणून हा लेख लिहितो आहे.

भोपाळमध्ये आपण पोलादावरच वाढलो. १९५६ साली हेवी इलेक्ट्रिकल्स ही कंपनी स्थापन झाली, इंग्लंडच्या एईआय कंपनीच्या सहकार्याने कारखाना उभा राहिला आणि नोव्हेंबर १९६० मध्ये पंडित नेहरूंनी तो देशाला अर्पण केला. पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा या वसाहती त्याच्याभोवती वसल्या आणि महाराष्ट्रातून आलेली अनेक कुटुंबं इथलीच झाली. जलविद्युत टर्बाइन, ट्रान्सफॉर्मर, रेल्वेच्या ट्रॅक्शन मोटरी हे आता भेलच्या असलेल्या या कारखान्याचं मुख्य काम. त्यात शाफ्ट, गिअर, पिन हे सगळं पोलादाचं. लाल करा, तेलात किंवा पाण्यात बुडवा, मग टेम्पर करा, हे आमच्या पिढीच्या हाताला डोळे मिटून येतं. निकेलचा जॉब इथे कधीमधी येतो आणि तोही थोड्या नगांचा. औष्णिक वीज केंद्रात वाफ साधारण ५४० अंशांची असते, तिथल्या टर्बाइनच्या केसिंगचे बोल्ट. गॅस टर्बाइनचा एखादा भाग. तेलविहिरीच्या व्हॉल्व्हची दांडी. नग थोडे असतात, पण दहा सेंटिमीटरच्या बारचा भाव ऐकला की घाम फुटतो. त्यामुळे इथे चुकून शिकणं परवडत नाही.

आधी मूळ फरक समजून घेऊ. पोलाद तापवलं की त्याच्या अणूंची मांडणीच बदलते आणि झटकन थंड केलं की ती मधेच अडकून ताठ होते. कडकपणा येतो तो या अडकण्यातून. निकेलच्या या मिश्रधातूंची मांडणी घरातल्या तापमानापासून वितळेपर्यंत एकच राहते. अडकायला काही नाहीच. पाण्यात बुडवल्याने इतकंच होतं की गरम असताना विरघळलेले अॅल्युमिनियम, टायटॅनियम, नायोबियम हे जिथल्या तिथे विरघळलेलेच राहतात. ही त्या धातूची सगळ्यात मऊ अवस्था असते. सोल्यूशन ट्रीटमेंट म्हणतात ती हीच. ती करून जॉब मऊ निघाला तर ते काम नीट झाल्याचं लक्षण आहे.

ताकद येते त्यानंतर. सहाशे ते आठशे अंशांच्या पट्ट्यात जॉब तासन्‌तास ठेवला की विरघळलेली मूलद्रव्यं निकेलला धरून अतिबारीक कणांच्या रूपाने बाहेर पडतात. हेच एजिंग. निकेल, अॅल्युमिनियम आणि टायटॅनियम यांच्या कणांना गॅमा प्राइम म्हणतात. ७१८ मध्ये मुख्य काम निकेल आणि नायोबियमच्या कणांचं, त्यांना गॅमा डबल प्राइम म्हणतात. एकेक कण मिलिमीटरच्या एक लक्षांशाच्या आसपास. धातूवर ताण आला की त्याचे थर एकमेकांवर सरकू पाहतात आणि हे कोट्यवधी कण त्यांची वाट अडवतात.

घरचं उदाहरण द्यायचं तर तूप घ्या. नुकतं कढवलेलं तूप पातळ आणि एकजीव असतं. थिजताना त्याला मिळालेल्या तापमानावर आणि वेळेवर त्याचा रवा ठरतो. सावकाश थिजलं तर टपोरा, झटकन थिजलं तर लोण्यासारखं गुळगुळीत. तुपात आपल्याला टपोरा रवा आवडतो, धातूत नेमका उलटा हवा असतो : रवा पडला पाहिजे, पण डोळ्याला दिसणार नाही इतका बारीक आणि सगळीकडे सारखा. तापमान चढं राहिलं किंवा वेळ फार झाला की बारीक कण विरघळून मोठे कण आणखी मोठे होतात, त्यांच्यामधलं अंतर वाढतं आणि ताकद उतरते. याला ओव्हरएजिंग म्हणतात. एजिंगने कडकपणा वाढतो हे पहिल्यांदा १९०६ साली जर्मनीत आल्फ्रेड विल्म यांच्या लक्षात आलं, तेही अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूत. निकेलमध्ये ही युक्ती दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्लंडमध्ये वापरली गेली, व्हिटल यांच्या जेट इंजिनाच्या पात्यांसाठी. निमोनिक हे नाव तेव्हापासूनचं.

आता कामाचं. चलनावर नुसतं "इन्कोनेल" लिहिलेलं असेल तर तो जॉब उतरवून घेऊ नका. हे एका धातूचं नाव नाही, आडनाव आहे. ६०० हा एजिंगने कडक होतच नाही. ६२५ ची ताकद मुख्यतः विरघळलेल्या मॉलिब्डेनम आणि नायोबियमची; ७१८ चं चक्र दिलं तरी तो ७१८ सारखा होणार नाही. ७१८ आणि एक्स-७५० हे एजिंगचे, पण दोघांची कृती वेगळी. बाजारात तुकडे मिसळतात आणि रंगाने ते ओळखू येत नाहीत. हातात धरायच्या एक्स-रे गनने दोन मिनिटांत उलगडा होतो : नायोबियम पाच टक्क्यांच्या आसपास, मॉलिब्डेनम तीन आणि लोह अठराच्या आसपास दिसलं तर ७१८, मॉलिब्डेनम आठ ते दहा असेल तर ६२५, नायोबियम एकच टक्का आणि टायटॅनियम अडीच असेल तर एक्स-७५०. गन आपल्याकडे नसेल तर भाड्याने तपासून घ्या. हैदराबादच्या मिधानीचा माल असेल तर प्रमाणपत्रावर सुपरनी हे नाव दिसेल, पुढचा आकडा बहुधा ओळखीचाच असतो. १९७३ साली स्थापन झालेली ही सरकारी कंपनी आपल्या देशात हे धातू बनवते.

ग्रेड कळला की माल कोणत्या अवस्थेत आला आहे ते पाहा. एएमएस ५६६२ म्हणजे सोल्यूशन झालेला, एजिंग बाकी. ५६६३ म्हणजे एजिंगही झालेलं. माल हातात आल्याबरोबर एक कडकपणा मोजा आणि चलनावर लिहून ठेवा. सोल्यूशन झालेल्या ७१८ वर रॉकवेल सी चा आकडा विशीच्या आसपास किंवा त्याखाली असतो. वीसच्या खाली सी स्केल भरवशाची नसते, तिथे बी स्केल घ्यावी. आकडा चाळीसच्या आसपास आला तर काम आधीच झालेलं आहे, भट्टी पेटवू नका.

आधीच सोल्यूशन झालेल्या मालाला पुन्हा सोल्यूशन देण्यात नुकसान आहे ते दाण्यांचं, म्हणजे धातू ज्या स्फटिकांचा बनलेला असतो त्यांचं. पोलादात दाणे मोठे झाले तर नॉर्मलायझिंग करून पुन्हा बारीक करता येतात, कारण तापवताना मांडणी बदलते आणि नवे दाणे जन्मतात. निकेलमध्ये ती सोय नाही. जास्त तापमानात वाढलेला दाणा कुठल्याही भट्टीने मागे येत नाही; तो पुन्हा बारीक करायचा तर धातू पुन्हा घडवावा लागतो, फोर्जिंग करून. मशीनिंग झालेल्या स्टडचं फोर्जिंग कोण करणार? म्हणून माझ्याकडच्या कुठल्याही मुलाला मी पहिलं वाक्य हेच शिकवतो : निकेलला कमी तापमान देऊन झालेली चूक सुधारते, जास्त देऊन झालेली सुधारत नाही.

७१८ च्या दोन कृती सर्रास चालतात आणि दोन्ही बरोबर आहेत, हे ध्यानात ठेवा. विमानाच्या कामात सोल्यूशन ९४१ ते १०१० अंशांच्या दरम्यान एका ठरलेल्या तापमानाला, साधारण तासभर. मग एजिंग ७१८ अंशांना आठ तास, तिथून भट्टीतच तासाला ५५ अंशांच्या गतीने उतरवत ६२१ पर्यंत, ६२१ ला आठ तास, आणि मग हवेत थंड. ७१८ या ग्रेडला ७१८ अंश, हा निव्वळ योगायोग. फॅरेनहाइटमध्ये तो आकडा १३२५ आहे. पण लक्षात ठेवायला सोपा जातो. सोल्यूशन कमी तापमानाला ठेवण्यामागे कारण आहे. दाण्यांच्या कडांवर डेल्टा नावाचा आणखी एक कण असतो, तो १०१० ते १०२० च्या वर विरघळून जातो. तो थोडासा राहिला तर दाण्यांना वाढू देत नाही आणि थकव्याला धातू चांगला टिकतो.

तेलविहिरीच्या कामात हाच डेल्टा नको असतो, कारण तिथे हायड्रोजन आणि गंधकाच्या वायूंपुढे दाण्यांच्या कडा कमजोर पडतात. म्हणून तिथलं सोल्यूशन १०२१ ते १०५२ अंशांना, एक ते अडीच तास, पाण्यात थंड, आणि एजिंग एकाच टप्प्यात, ७७४ ते ८०२ अंशांना सहा ते आठ तास. त्यात कडकपणाला वरची मर्यादाही आहे : रॉकवेल ४०. विमानाच्या कृतीने सहज ४२-४३ येतो आणि ते विमानात चांगलं, विहिरीत नापास. धातू तोच, बार तोच, पण पार्टीने कोणता स्पेसिफिकेशन नंबर लिहिला आहे त्यावर सगळं बदलतं. ड्रॉइंगवर नंबर नसेल तर तोंडी अंदाजाने काम करू नका, लेखी मागवा.

वीज केंद्राच्या बोल्टांसाठी येणारा निमोनिक ८०ए याहून सरळ आहे : १०८० अंशांना आठ तास, हवेत थंड, मग ७०० ला सोळा तास, हवेत थंड. त्याच्यात गॅमा प्राइम आहे आणि तो लवकर बनतो, म्हणून दोन पायऱ्यांचा जिना नको. या बोल्टांची एक गोष्ट वापरणाऱ्यांनी जाणून घ्यावी. ४५० ते ५५० अंशांत वर्षानुवर्षं राहिल्यावर यातले निकेल आणि क्रोमियमचे अणू हळूहळू ओळीत बसतात आणि धातू किंचित आकसतो. सर्वसाधारण बोल्ट कालांतराने ढिला पडतो. हा आपणहून आणखी ताणला जाऊ शकतो. म्हणून ओव्हरहॉलिंगमध्ये "थोडा जास्तच कसू" हा विचार इथे घातक आहे. वॅस्पलॉयचं चक्र तीन टप्प्यांचं असतं, ते इथे क्वचित येतं; आलं तर स्पेसिफिकेशन समोर ठेवूनच करा.

स्वच्छतेबद्दल मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण या एका गोष्टीने मी जॉब मरताना पाहिले आहेत. तरुणपणी पुण्याजवळच्या एका वर्कशॉपमध्ये मी उमेदवारी करत होतो. निमोनिकच्या बुशांचा लॉट सोल्यूशनला गेला. बाहेर आल्यावर बाहेरून बुश छान दिसत होते, राखाडी-हिरवट, एकसारखे. सुपरवायझरने एका बुशच्या आंधळ्या भोकात बॅटरी मारली आणि मला बोलावलं. भोकाच्या तळाशी धातू काळा, खरबरीत झाला होता, तव्यावर करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखा, आणि तिथून केसाएवढ्या चिरा वर कडेपर्यंत आल्या होत्या. ड्रिलिंगचं गंधकयुक्त कटिंग ऑइल त्या भोकांत राहिलं होतं. कुणी पुसलं नव्हतं, कारण बाहेरून सगळं कोरडं होतं. अख्खा लॉट भंगारात गेला.

कारण सोपं आहे. निकेल आणि गंधक एकत्र आले की सुमारे ६४५ अंशांना वितळणारं मिश्रण तयार होतं. आपलं एजिंग त्याच्या वर चालतं, सोल्यूशन तर कितीतरी वर. ते पातळ मिश्रण दाण्यांच्या कडांमधून आत शिरतं आणि धातूची वीण उसवते. पोलादाच्या कामात आपण तेलाचा डाग "जळून जाईल" म्हणून सोडून देतो. इथे गंधक जळून जात नाही, आत जातं. शिसं, जस्त, बिस्मथ यांचंही तसंच.

म्हणून जॉब भट्टीत घालण्याआधी डीग्रीझिंग करा, तेही दोन वेळा, आणि आंधळी भोकं, आटे, खाचा यांत हवा मारून पांढरं कापड फिरवून पाहा. कापडावर डाग आला तर पुन्हा. मार्करची शाई, रंगाचा खडू, चिकटपट्टीचा गोंद, रबरी हातमोज्यांची खूण, सगळं काढा. धुतल्यावर स्वच्छ सुती हातमोज्यांनीच धरा. जॉब बांधायला जी. आय. तार कधीही नको, तिच्यावर जस्ताचा मुलामा असतो. स्टेनलेस किंवा निक्रोमची तार घ्या. भट्टीच्या तळावर पोलादाच्या जुन्या पापुद्र्यांचा चुरा पडलेला असतो, तो झाडून जॉब निक्रोमच्या जाळीवर ठेवा. भट्टी फर्नेस ऑइलवर चालत असेल आणि ज्वाळा थेट जॉबला लागत असेल तर निकेलचं काम तिच्यात घेऊच नका. विजेची भट्टी बरी.

उघड्या हवेतल्या भट्टीत सोल्यूशन केलं तर पृष्ठभागावर ऑक्साइड बसतो आणि त्याच्याखाली क्रोमियम, टायटॅनियम कमी झालेला पातळ थर राहतो. त्यावर नंतर कट घ्यायचा असेल तर हरकत नाही. फिनिश झालेला जॉब मात्र व्हॅक्यूममध्ये किंवा आरगॉनमध्ये हवा. नायट्रोजन स्वस्त पडतो म्हणून वापरू नका, टायटॅनियम त्याला धरतं. व्हॅक्यूम भट्टीसाठी जॉब हैदराबाद किंवा पुण्याला पाठवावा लागला तर पाठवा. पार्टीला तसं आधीच सांगितलं तर ती समजून घेते.

आता तापमान. कंट्रोलरच्या पट्टीवर दिसणारा आकडा भट्टीच्या भिंतीजवळच्या थर्मोकपलचा असतो. जॉबचा नसतो. ७१८ ची उष्णता वाहून नेण्याची क्षमता साध्या पोलादाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास आहे, त्यामुळे जाड जॉबचा गाभा भट्टीच्या बराच मागे राहतो. इंचाला इतकी मिनिटं हा पोलादाचा हिशोब इथे लावू नका. लोडमधल्या सगळ्यात जाड नगाला, किंवा तेवढ्याच जाडीच्या त्याच धातूच्या नमुन्याला भोक पाडून त्यात थर्मोकपल बसवा, आणि त्याने तापमान गाठलं की मगच घड्याळ सुरू करा.

विमानाच्या कृतीत ७१८ च्या एजिंगला फक्त अधिक-उणे ८ अंशांची मोकळीक आहे, सोल्यूशनला १४. भट्टीच्या दारापाशी आणि मागच्या कोपऱ्यात इतका फरक सहज असतो. म्हणून भट्टीचा सर्व्हे लागतो, ज्याला टीयूएस म्हणतात : लहान भट्टीत पाच, मोठीत नऊ किंवा जास्त थर्मोकपल कोपऱ्यांत आणि मध्यभागी टांगून तापमान किती सारखं राहतं ते पाहायचं. एएमएस २७५० प्रमाणे अधिक-उणे ८ ची भट्टी तिसऱ्या वर्गाची, ६ ची दुसऱ्या. भट्टीचा जो भाग मर्यादेत बसत नाही तिथे विटा रचून जागा बंद करून टाका, म्हणजे घाईत कुणी तिथे नग ठेवणार नाही. मी हे करतो. भट्टी लहान होते, पण रात्री झोप लागते.

थर्मोकपलबद्दल एक सांगायचं राहिलं. आपण वापरतो ती के टाइपची तारसुद्धा मुख्यतः निकेलचीच असते. हजार अंशांच्या वर महिनोन्‌महिने राहिली की ती सरकते, आणि सरकली हे पट्टीवर दिसत नाही. सोल्यूशनला वापरलेलं थर्मोकपल एजिंगला वापरू नका आणि दर लोडला एक ताजं, तपासलेलं थर्मोकपल शेजारी ठेवून फरक बघा. एन टाइप थोडा महाग, पण अधिक काळ स्थिर राहतो.

७१८ च्या एजिंगमध्ये सगळ्यात जास्त चुका होतात त्या मधल्या उतारावर. ७१८ वरून ६२१ म्हणजे ९७ अंश. तासाला ५५ ने ते १ तास ४६ मिनिटं. आठ, पावणेदोन आणि आठ मिळून जवळपास अठरा तास होतात. संध्याकाळी ६ ला जॉब तापमानावर आला तर रात्री २ वाजता उतार सुरू होतो आणि दुसऱ्या दिवशी पावणेबाराला जॉब बाहेर निघतो. रात्री २ वाजता भट्टीवर माणूस पेंगलेला असतो, म्हणून हा उतार प्रोग्रॅमरवर टाका. भट्टी बंद करून "आपोआप उतरेल" म्हणू नका. सिरॅमिक फायबरची हलकी भट्टी तासाला दोनशे अंशही उतरते, विटांची जुनी भट्टी कदाचित पन्नासही नाही. फायबरच्या भट्टीला उतरतानाही थोडी वीज द्यावी लागते. विटांच्या भट्टीत दार किंचित उघडायचा मोह होतो, तो टाळा, कारण दारापाशीचे नग वेगळे थंड होतात. पहिला खरा लोड घेण्याआधी भंगाराचे तुकडे भरून एकदा पूर्ण चक्र चालवा आणि चार्टवर उताराची रेघ कशी पडते ते बघा.

एवढ्या सावकाश उतरवण्याचं कारणही समजून घ्या. ७१८ मधले नायोबियमचे कण आळशी आहेत, हळू बनतात. वरच्या टप्प्यात ते जन्मतात, खालच्या टप्प्यात त्यांच्यात राहिलेली जागा आणखी बारीक कण भरून काढतात. हा आळसच ७१८ चं मोठं वरदान आहे. अमेरिकेतल्या हंटिंग्टन इथे आयझेलस्टाइन यांनी हा धातू काढला, १९६२ साली त्याचं पेटंट झालं. वेल्डिंगनंतर तापवताना तो तडकत नाही, हा त्याचा मोठा गुण. ज्या धातूंत अॅल्युमिनियम आणि टायटॅनियम जास्त, ते वेल्ड करून एजिंगला घातले की तापतानाच कडक होऊ लागतात आणि वेल्डचा ताण सुटायच्या आधी तडा जातो. तरीही ७१८ सुद्धा वेल्डिंगनंतर आधी सोल्यूशन आणि मग एजिंग असाच घ्या.

पावसाळ्यात वीज जाते, हे गोविंदपुऱ्यात नवं नाही. एजिंगच्या मधे वीज गेली तर घाबरू नका आणि लपवूही नका. दार उघडू नका. वीज आल्यावर तापमान पूर्ववत झालं की उरलेला वेळ पुढे मोजता येतो का, हे पार्टीच्या स्पेसिफिकेशनवर अवलंबून असतं. वेळ, तापमान कुठवर उतरलं, किती मिनिटं, हे चार्टवरच पेनने लिहा आणि पार्टीला फोन करा. चार्टवरचा खड्डा मागाहून सापडला तर पुढची दहा वर्षं कुणी विश्वास ठेवत नाही.

एजिंगमध्ये ७१८ किंचित आकसतो, शंभर मिलिमीटरला साधारण पाच ते आठ शतांश मिलिमीटर. बेअरिंगची जागा, आटे, फिटिंगचे व्यास एजिंगनंतर फिनिश करा. आधीच फिनिश करायचं असेल तर हा हिशोब धरून माप ठेवा आणि एक नमुना नग चक्रातून काढून मोजा.

शेवटी कडकपणा. एएमएस ५६६३ मध्ये किमान ब्रिनेल ३३१ लागतो, रॉकवेलमध्ये साधारण ३६. ताणाची किमान ताकद १२७६ मेगापास्कल. चांगलं काम ४० च्या पुढे जातं. ठसा घेण्याआधी ऑक्साइड घासून काढा, नाहीतर आकडा फसवतो. आणि एक गोष्ट मनाशी पक्की करा : एजिंगमध्ये कडकपणा आधी चढतो, शिखर गाठतो आणि मग उतरतो. चढावर ३८ आणि उतारावरही ३८. पहिल्या जॉबला आणखी ताकद घेता येते, दुसऱ्याचे कण मोठे होऊन गेलेले असतात. ठशाला हा फरक कळत नाही, चार्टला कळतो. म्हणून कडकपणाच्या रिपोर्टबरोबर चार्टची प्रत द्या, पार्टीने मागितली नसली तरी. शंका असेल तर एक नमुना कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघा; आपल्या भोपाळमध्ये मॅनिट ही इंजिनिअरिंगची संस्था आहे, सीएसआयआरची एम्प्री ही धातू आणि साहित्याची प्रयोगशाळा १९८१ पासून आहे. जाणकार माणसं जवळ आहेत, विचारायला संकोच करू नका.

त्या मुलाच्या स्टडांचं काय झालं, ते सांगतो. मी त्याला ते वापरायला सांगितलं नाही. एजिंग केलं असतं तर कडकपणा आला असता, रिपोर्टही पास झाला असता, पण ११०० अंशांनी वाढलेले दाणे तसेच राहिले असते आणि स्टड वाफेच्या ताणावर बसायचे होते. त्याने पार्टीला खरं सांगितलं, नवा बार आणला, मशीनिंग केलं आणि जॉब माझ्याकडे पाठवला. सोल्यूशन नाही, फक्त एजिंग. नव्या बारा स्टडांवर आकडे ४१ ते ४३ आले.

जुन्यांपैकी एक मी कापून, घासून, आम्ल लावून ठेवला आहे. साध्या दहापट भिंगातून त्याचे दाणे दिसतात आणि शेजारी न तापवलेल्या बारचा तुकडा आहे, त्याचे दिसत नाहीत. निकेलचं पहिलं काम हातात घेणार असाल तर भट्टी पेटवण्याआधी अयोध्या नगरला या आणि ते दोन्ही तुकडे एकदा बघून जा.